पांढऱ्या कापडाची सावली

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, पुलगावच्या माझ्या स्टुडिओत मी अठराशे रुपये टेबलावर ठेवले आणि ते कोणी उचलेना. हजर माणसं तीन. मी, माझी बायको मंदा, आणि नाचणगावच्या प्रमिलाताई. बाहेरच्या रस्त्यावरून पोरं लाकडी बैल ओढत चालली होती, त्यांच्या चाकांचा खडखडाट आत येत होता.

पैसे प्रमिलाताईंचेच होते. त्या आणि त्यांच्यासोबतच्या दहा बायका नाचणगावला हातमागावर सुती कापड विणतात. बहुतेक सगळं पांढरं. पांढऱ्यावर जाड सुताची पांढरी रेघ, पांढऱ्यावर पांढरी चौकट, असे चौदा नमुने. पुण्यातल्या एका दुकानाने नमुन्याचे तुकडे पाहून पसंती कळवली होती, आणि मोबाईलवरून गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी चौदाही कापडांचे फोटो मागवले होते. ते फोटो मी काढले. माझ्या रीतीप्रमाणे दोन बाजूंना दोन फ्लॅश, दोन्हींवर छत्र्या, कापड भिंतीवर ताणलेलं, कुठे डाग नाही, कुठे सावली नाही. मजुरी अठराशे घेतली. फोटो मला चांगले वाटले होते.

प्रमिलाताईंनी मोबाईल मंदाच्या हातात दिला. म्हणाल्या, "तुम्हीच वाचा वहिनी. माह्यानं पुन्हा वाचवत नाई."

दुकानाच्या मालकीणबाईंचा निरोप होता. भाषा सभ्य होती, मजकूर नव्हता. तुम्ही दिलेला तुकडा हाताचा होता, फोटोतलं कापड यंत्रावरचं दिसतं. तुकडा एक दाखवायचा आणि माल दुसरा पाठवायचा, असे अनुभव आम्हाला आधी आले आहेत. दसऱ्यापर्यंत समाधान झालं नाही तर पुढे काही करता येणार नाही.

मी म्हटलं, तुकडे पुन्हा पाठवू. प्रमिलाताईंनी मान हलवली. तुकडा तर त्या बाईला पटलाच होता. तिचं म्हणणं, गठ्ठ्यात दुसरंच कापड येणार. मोबाईलवर समोरासमोर बोलूनही झालं होतं. त्यात माग दिसला, विणणाऱ्या बायका दिसल्या, पण कापड कागदासारखं कोरं दिसलं. शिवाय फोटो लागणारच होते. तिचं गिऱ्हाईक कापड हातात घेऊन पाहणार नव्हतं, फोटो पाहूनच घेणार होतं.

मग मी माझा फोटो आणि त्याच कापडाचा तुकडा शेजारी शेजारी ठेवला. तुकड्यात सूत कुठे जाड, कुठे बारीक, मधूनच एखादी गाठ. फोटोत यातलं काही नाही. सपाट, गुळगुळीत, पांढरं.

"माहा बाप इथं मिलमध्ये होता," प्रमिलाताई म्हणाल्या. "मिलचं कापड मले ओयखता येते. हा फोटो मलेच कोणी दाखवला असता त मी बी म्हटलं असतं, मिलचं हाय."

काम बिघडलं तर पैसे परत, हा माझा नियम आहे. म्हणून मी गल्ल्यातून अठराशे काढून ठेवले. त्यांनी ते माझ्याकडे सरकवले.

"पैसे नको भाऊ. मले माह्या कापडाचा फोटो पाह्यजे. बायका खोट्या पडून राह्यल्या."

हे काम गेलं असतं तर अकरापैकी निम्म्या बायका पुन्हा लोकांच्या वावरात निंदणाला जाणार होत्या, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. पण त्यांना जास्त लागलं होतं ते खोटं पडण्याचं. त्या गेल्यावर मंदाने नोटा एका वेगळ्या पाकिटात घातल्या आणि ते पाकीट गल्ल्यात न ठेवता कपाटात ठेवलं. म्हणाली, "हे आता ना आपले, ना त्यांचे."

इथे वाचकांना थोडा धंदा सांगायला हवा.

मी हे काम वर्ध्याच्या एका स्टुडिओत शिकलो. माझे उस्ताद रामभाऊ. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात जे शिकवलं त्यावर मी तीस वर्षं घर चालवलं. दोन दिवे, दोन्ही पुढून, एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही सारख्या अंतरावर. डाव्याने पडलेली सावली उजवा पुसतो, उजव्याची डावा पुसतो. "सावली दिसली की गिऱ्हाईक गेलं," असं ते म्हणत. आणि ते खरं होतं. देवळीच्या एका लग्नात मी बाजूने आलेल्या उन्हात नवरदेवाचा फोटो काढला. मुंडावळ्यांची सावली कपाळावर उतरली होती, मला ती सुंदर वाटली. नवरदेवाच्या मामांनी अल्बम परत आणला. म्हणाले, पोराच्या कपाळावर रेघा काऊन आल्या, कोणी ओरबाडलं का त्याले. दुसरे एक इथल्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले गृहस्थ. साठीच्या फोटोत त्यांच्या नाकाची एक बाजू जरा काळोखात गेली. त्यांनी मला स्टुडिओत बसवून विचारलं, मी दोन नाकपुड्यांचे पैसे दिले, एकच कशी आली. मी पुन्हा फोटो काढला. पुढून भरपूर उजेड टाकला. दोन्ही नाकपुड्या आल्या, नाक गेलं. ते खूश होऊन गेले.

त्यामुळे आमच्या धंद्यात सावली म्हणजे दोष, ही गोष्ट इतकी पक्की बसली आहे की तपासायचं कोणाला सुचत नाही. इथल्या कुठल्याही स्टुडिओत जा, दोन छत्र्या समोरच उभ्या असतील. मीही तसाच. उजेड जास्त की कमी एवढं मला कळत होतं. उजेड कुठून येतो याचा मी गिऱ्हाइकाच्या तक्रारीपलीकडे विचार केलेला नव्हता.

नागपूरला दर रविवारी प्रकाशयोजनेचा वर्ग चालतो हे मला अल्बम छापून देणाऱ्याने सांगितलं. मी नाव घातलं. वर्गात बाकी सगळी पोरंपोरी, आणि शिकवणाऱ्या आसावरी मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी खोलीतले सगळे दिवे बंद केले. टेबलावर पांढरा कागद, कागदावर एक पांढरं अंडं, आणि एक दिवा. एवढाच अभ्यास. पुढच्या रविवारपर्यंत अंडं गोल दिसलं पाहिजे आणि कागदापासून वेगळं दिसलं पाहिजे.

मी हात वर करून विचारलं, दुसरा दिवा लावला तर चालेल का.

त्या म्हणाल्या, "काका, पहिल्याचं अजून कळलं नाही, दुसऱ्याची घाई कशाला?"

पोरं हसली. मीही हसलो, पण गाडीत बसल्यावर ते मला पुलगावपर्यंत पुरलं.

घरी आल्यावर वेगळीच अडचण. आमच्या घरात अंडं येत नाही. माझ्या आईच्या गळ्यात माळ आहे, तिने चुलीपाशी कधी कांद्याची सालही चातुर्मासात पडू दिलेली नाही. आणि हा चातुर्मासच होता. मी तिला समजावलं की खायचं नाही, फोडायचंही नाही, स्टुडिओतल्या टेबलावर आठ दिवस ठेवायचं. स्टुडिओ आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत आहे, मध्ये एक दार.

"उजेड शिकाले अंडं काऊन लागते?" आई म्हणाली. "उजेड काय कोंबडी देते?"

मी म्हटलं, गोल आणि पांढरी वस्तू पाहिजे.

"मंग तसं सांग ना. मांगच्या झाडाचं कवठ घे, चुना लाव."

कवठं अजून कच्ची होती, पण मला खायची नव्हती. एक चांगलं गोल पाहून तोडलं. भिंतीला लावून उरलेला चुना कालवला, दोन हात दिले आणि वाळवलं. पांढरंशुभ्र कवठ तयार झालं. मंदाने विचारलं की वर्गात काय सांगणार. मी म्हटलं, गोल आणि पांढरं असल्याशी कारण.

दिवसभराची गिऱ्हाइकं झाली की मी समोरचं शटर ओढायचो आणि कवठापाशी बसायचो. आधी सवयीने दिवा समोर ठेवला. फोटोत पांढऱ्या कागदावर एक फिकट चकती आली. गोलाईही नाही, कडही नाही. दिवा थोडा वर नेला, थोडा बाजूला नेला. पूर्ण बाजूला नेल्यावर कवठ अर्ध्या चंद्रासारखं झालं, आणि त्याच वेळी मला दुसरं काही दिसलं, ज्यासाठी मी बसलोच नव्हतो. कवठाची साल खरखरीत असते. चुन्याखालचा तो प्रत्येक कण उभा राहिला होता. समोरून दिवा होता तेव्हा हे कण कुठे होते? तिथेच होते. त्यांची सावली माझ्याकडून त्यांच्या मागे पडत होती, म्हणून दिसत नव्हती.

शेतकऱ्यांच्या गावात राहून मला हे चुन्याच्या कवठाने शिकवावं लागलं. भर दुपारी वखरलेलं वावर पाहा, सपाट चटई दिसते. तेच संध्याकाळी पाहा, ऊन आडवं आलं की ढेकूळ न् ढेकूळ मोजून घ्या. वावर तेच. ऊन फक्त खाली आलेलं असतं.

रविवारी प्रत्येकाने आपापल्या अंड्याचा फोटो पडद्यावर दाखवला. माझी पाळी आली तेव्हा कवठ पाहून हशा झाला. मॅडम मात्र पडद्याजवळ गेल्या. अंड्यावर साल दिसत नाही, ते गुळगुळीत असतं, म्हणून मी तुम्हाला हे पुढच्या महिन्यात शिकवणार होते, असं त्या पोरांना म्हणाल्या. मग मला विचारलं, "हे कसं सुचलं तुम्हाला?"

मी खरं तेच सांगितलं. "आईने अंडं घरात येऊ दिलं नाही."

मग मी प्रमिलाताईंकडून एक कापड मागवलं आणि दिवा कडेला, कापडाच्या अगदी जवळ, जवळजवळ भिंतीला टेकवून ठेवला. सूत दिसलं. जाड-बारीक दिसलं, गाठ दिसली. पण दिव्याकडचा काठ जळाल्यासारखा पांढरा आणि पलीकडचा काठ काळोखात. मधली एक पट्टी तेवढी बरी.

इथे आकडेमोड कामाला आली. ती मला आवडते. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होतो, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पेटीत पडून राहिलेलं उजेड मोजायचं जुनं मीटर काढलं आणि भिंतीवर मोजलं. निम्मा नाही, पाव होतो. तिप्पट अंतराला नववा हिस्सा. मी दोनदा मोजलं, कारण मला वाटलं मीटर बिघडलं आहे. मीटर बरोबर होतं. कापडाची रुंदी तीन फूट. दिवा जवळच्या काठापासून एक फुटावर असला तर दूरचा काठ चार फुटांवर, म्हणजे तिथे सोळावा हिस्सा उजेड. दोन्ही काठ एका फोटोत कसे येणार? पण हाच दिवा बारा फूट लांब नेला, तर जवळचा काठ बारा फुटांवर आणि दूरचा पंधरावर. फरक दीडपटीच्या जरा वर. तेवढा डोळा सहन करतो.

कागदावर हे सुटलं, पण माझ्या स्टुडिओची लांबी चौदा फूट. कापड आणि त्याची चौकट लावून दिव्याला बारा फूट उरत नाहीत. मधलं दार उघडलं तर पलीकडे स्वयंपाकघर. म्हणून दिवा स्वयंपाकघरात, ओट्याच्या शेजारी उभा केला, त्याचा झोत दारातून स्टुडिओत सोडला, आणि दारातून ये-जा बंद केली. आईने ओट्यापाशी उभी राहून एकदा दिव्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, एवढा जवळचा दिवा सोडून दूर काऊन नेऊन राह्यला. मी तिला पाव हिश्श्याचा हिशेब सांगितला. तिने ऐकून घेतला आणि फोडणी टाकली. पहिल्या दोन फोटोंत मोहरीचा धूर झोतात आला आणि कापडावर धुकं पसरलं. तेव्हापासून ठरलं की फोटोच्या वेळी गॅस बंद, आणि गॅसच्या वेळी फोटो बंद.

आणखी एक गोष्ट. कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही. त्याला सगळं जग मध्यम राखाडी असावं असं वाटतं. पांढरं कापड समोर ठेवलं की उजेड फार झाला असं समजून तो कमी करतो, आणि कापड मळकं येतं. काळी म्हैस ठेवली तर उजेड वाढवतो, म्हैस धुरकट येते. म्हणून पांढऱ्याला कॅमेरा सांगेल त्यापेक्षा जास्त उजेड द्यायचा. हे मला सवयीने ठाऊक होतं. पण किती जास्त, हे कापडाच्या बाबतीत नव्याने ठरवावं लागलं. जरा कमी पडला की मळकं, जरा जास्त झाला की सूत पुसलं जातं आणि पुन्हा मिल.

नवरात्र लागलं होतं. प्रमिलाताई चौदाही कापडांचं गाठोडं घेऊन आल्या. सोबत शोभा नावाची त्यांच्यातली एक विणकर होती, तिशीतली, फार बोलणारी. आईचा उपास होता, त्यामुळे ओटा थंड होता. दिवा आपल्या जागी उभा होता. एकेक कापड चौकटीवर ताणून मी फोटो घेत गेलो. प्रमिलाताई स्टुलावर बसून होत्या. त्यांचा माझ्यावर भरवसा राहिलेला नव्हता आणि त्यांनी तो दाखवायचा आवही आणला नाही. "अठराशेचे फोटो बी तुम्ही असेच मन लावून काढले होते भाऊ," असं त्या मध्येच म्हणाल्या.

काम झाल्यावर फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून लावले. पहिला फोटो आला. प्रमिलाताई उठल्या, जवळ आल्या आणि पडद्यावर डाव्या काठापाशी बोट ठेवलं.

"हे शोभाचं हाय."

मी गाठोड्यातल्या चिठ्ठ्या पाहिल्या. चिठ्ठीवर फक्त नमुन्याचा आकडा होता, नाव नव्हतं. विचारलं, कशावरून.

"डाव्या काठाले ती हात हलका ठेवते. पाहा ना, सूत सैल पडून राह्यलं."

"काय व ताई," शोभा म्हणाली, "लोकाइच्या घरी येऊन सांगतं का."

मग दुसरा फोटो. प्रमिलाताईंनी पाहिला आणि नाव सांगितलं. तिसरा. तेही सांगितलं. ही फणी जोरात ठोकते, ही दर वितीला थांबते म्हणून तिथे एक रेघ उमटते, ही माझी स्वतःची. चौदापैकी बारा कापडं कोणाची ते त्यांनी फोटोवरून ओळखलं, उरलेल्या दोन कापडांची नावं त्यांचा आणि शोभाचा वाद होऊन ठरली. महिन्यापूर्वी माझ्या फोटोत हेच कापड मिलचं होतं. मंदाने दारातूनच, झोताच्या बाहेर उभं राहून सुचवलं की प्रत्येक फोटोखाली विणणारीचं नाव टाकून पाठवा.

तसंच पाठवलं. प्रमिलाताईंनी सोबत एकच ओळ लिहिली, की हे फोटो त्याच कापडांचे आहेत, आणि कोणतं कोणी विणलं ते सुतावरून सांगता येतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. मालकीणबाईंनी लिहिलं होतं की शंका घेतल्याबद्दल वाईट वाटतं, कापड हाताचं आहे याबद्दल आता प्रश्न नाही, आणि चौदापैकी नऊ नमुने आम्ही घेतो. पाच नाकारले होते. त्यात एक शोभाचं होतं. कारण दिलं होतं, डावा काठ सैल.

शोभा दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला आली तेव्हा आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "भाऊ, त्या एका काठावर थोडी सावली कमी टाकली असती त तुमचं काय गेलं असतं?"

ज्या उजेडाने कापड खरं ठरवलं, त्यानेच तिचा काठही दाखवला. प्रमिलाताई तिच्या मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "काठ सैल हाय त सैल दिसन. घट्ट ठोकजो, मंग घट्ट दिसन." पुढे शोभाने काठ सुधारला, आणि तिचा नमुना या वर्षी गेला. पण त्या दिवशी ती नाराज होऊनच गेली, हे लिहून ठेवलं पाहिजे.

या यशाने मला थोडी हवा लागली. आता माणसांचेही फोटो असेच काढायचे असं ठरवून मी पहिल्यांदा आईला बसवलं. एक दिवा, बाजूने, लांबून. फोटो माझ्या मते उत्तम आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा चेहरा, एकेक सुरकुती नांगराच्या तासासारखी. आईने फोटो हातात घेतला, चष्मा लावला, काढला.

"हे तू कवठाचा फोटो काढला का माहा?"

तिचं बरोबर होतं. सुताला जो न्याय तो आईला लावून चालत नाही. तरी पुन्हा समोरच्या दोन छत्र्यांकडे जावं असंही मला वाटेना. इतक्या वर्षांत माझ्यासमोर बसून गेलेल्या लोकांच्या नाकांचा, कपाळांचा, गालांवरच्या खड्ड्यांचा मी सपाट केलेला ढीग केवढा असेल याचा विचार मनात यायचा. लोकांनीच मागितलं होतं, पैसे देऊन मागितलं होतं, हे खरं. पण दुसरंही काही मिळू शकतं हे मी त्यांना कधी दाखवलं नव्हतं.

मॅडमना विचारलं. त्यांनी सांगितलेलं साधं होतं. दिवा लहान असला की सावलीची कड सुरीसारखी पडते, मोठा असला की मऊ पडते. सूर्य मोठा आहे, पण इतका लांब की आपल्याला टिकलीएवढा, म्हणून उन्हात सावली कडक. आभाळ भरून आलं की सगळं आभाळच दिवा होतं, म्हणून सावली असते पण टोचत नाही. तेव्हा बाजूने उजेड ठेवायचा असेल आणि सुरकुत्या ओरडू द्यायच्या नसतील, तर दिवा मोठा करा. स्टुडिओला खिडकी असेल तर तिच्यावर पांढरं कापड ताणा, खिडकीच दिवा होईल.

पूर्वेची खिडकी माझ्याकडे होती. तिच्यासमोर दोन छत्र्यांचे स्टँड अडवून उभे होते म्हणून ती वर्षानुवर्षं बंद होती. मी ती उघडली, जाळी झाडली, आणि मंदाकडे ते पाकीट मागितलं. तिने कपाटातून काढून दिलं. दुकानाने फोटो स्वीकारले त्या दिवशीच ते पैसे आपले झाले होते, तरी तोवर दोघांनीही त्याला हात लावला नव्हता.

नाचणगावला जाऊन प्रमिलाताईंना म्हटलं, अठराशेत जेवढं बसेल तेवढं कापड द्या, साधं पांढरं, भाव दुकानाला लावता तोच लावा. त्या हसल्या, पहिल्यांदाच. मीटरला साडेचारशे, म्हणजे चार मीटर. त्यांनी कापड मोजलं, कापलं, घडी केली. मी पाकीट दिलं, त्यांनी नोटा मोजल्या आणि पावती दिली.

घरी येऊन मोजलं तर कापड चार मीटर आणि वर एक वीत भरलं. मोजताना चूक झाली असेल म्हणून मी दुसऱ्या दिवशी सायकल काढली आणि वितीचे नव्वद रुपये घेऊन परत गेलो. प्रमिलाताई मागावर होत्या. मी नव्वद रुपये पुढे केले. त्यांनी पाय थांबवला नाही.

"धुतलं का?"

मी म्हटलं, नाही, अजून कोरंच आहे.

"मंग आंधी धुवा. वाळलं की मोजा. जास्त भरलं त पैसे घेऊन येजा."

मंदाने कापड रात्रभर पाण्यात भिजवलं, सकाळी पिळून दोरीवर टाकलं. दुपारी वाळल्यावर आम्ही दोघांनी दोन टोकं धरून ते मोजलं. हातमागाचं कोरं कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि प्रमिलाताईंनी ते किती आटेल तेवढं आधीच वर दिलं होतं. चार मीटर. बोटभरही जास्त नाही.

कापड खिडकीवर ताणलं. आईला खिडकीजवळ बसवून पुन्हा फोटो काढला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि देवघराच्या भिंतीवर लावायला सांगितला. अठराशे रुपये प्रमिलाताईंना पोचले, नव्वद रुपये माझ्याच खिशात राहिले.